आपली जमीन कुठून आली? खंडवहन आणि भूपट्टांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्कृतात पृथ्वीला ‘अचला’ म्हणतात, ‘स्थिरा’ही म्हणतात. त्यामुळे खंडाळ्याच्या घाटात काळ्या कातळावर हात ठेवून ‘हा दगड इथल्या इथंच थिजला, पण तेव्हा हे ‘इथं’ विषुववृत्ताच्या पलीकडे होतं’ असं सांगितलं, की ऐकणारे आधी हसतात आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तेच प्रश्न इथं घेतले आहेत, साधारण ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं.

शब्दांचं एकदा उरकून घेऊ. जुन्या मराठी पुस्तकांत ‘खंडविप्लव’ असा भारदस्त शब्द सापडतो, शाळेत ‘भूखंडवहन’ आणि ‘भूपट्ट’ शिकवतात, आणि बोलताना सगळे प्लेटच म्हणतात. मीही तेच करणार आहे.

नक्की काय सरकतं? माती, डोंगर, की अख्खा देश?

अख्खा देश. त्याच्याखालच्या शंभरएक किलोमीटर जाडीच्या खडकासकट, आणि शेजारच्या समुद्राच्या तळासकटही. खंड म्हणजेच प्लेट ही इथली पहिली गफलत. भारताची प्लेट गिरगाव चौपाटीवर संपत नाही. अरबी समुद्राच्या तळाखालून ती पार कार्ल्सबर्ग नावाच्या बुडालेल्या डोंगररांगेपर्यंत जाते. खंड हे प्लेटवर लादलेलं ओझं आहे. बैलगाडीवरचं गाठोडं सरकताना दिसतं, पण चालत असते गाडी.

अशा मोठ्या प्लेटा सात मानतात, शिवाय लहानसहान बऱ्याच. भूगोलाच्या पुस्तकात नावं आहेतच.

किती वेगानं?

नखं वाढतात साधारण त्या वेगानं. भारताची प्लेट सध्या वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकते आहे. हा आता अंदाज राहिलेला नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि देशात इतरत्र कायमची जीपीएस केंद्रं आहेत. ती वर्षानुवर्षं एकाच खांबावर बसून आपली जागा नोंदवत असतात, आणि ती जागा दरवर्षी बदलते.

‘मग माझ्या सातबाऱ्याचं काय?’ हा प्रश्न थट्टेत विचारला जातो, पण त्याला उत्तर आहे. काहीही होत नाही. तुमचं शेत, शेजाऱ्याचं शेत, बांध आणि तहसील कचेरी सगळं एकाच गाडीत बसलेलं आहे. पुणे आणि नागपूर यांच्यातलं अंतर जसंच्या तसं राहतं. कमी होतं ते पुणे आणि ल्हासा यांच्यातलं.

खाली सगळा लाव्हा आहे आणि त्यावर प्लेटा तरंगतात, बरोबर ना?

नाही. आणि ही चूक इतकी पक्की बसलेली आहे की ती काढायला मी नेहमी जास्त वेळ देतो.

कवचाखालचं प्रावरण जवळजवळ सगळं घन आहे. ते कळतं भूकंपाच्या लहरींवरून. आडव्या कंपनांच्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत; प्रावरणातून त्या आरामात जातात आणि थेट बाहेरच्या गाभ्यापाशी, म्हणजे २,९०० किलोमीटर खोलीवर अडतात. द्रव आहे तो तिथं.

मग घन पदार्थावर प्लेट सरकते कशी? रस्त्याच्या कामासाठी आणलेलं डांबराचं पिंप कधीतरी कडेला आडवं पडलेलं पाहिलं असेल. थंडीत त्यातल्या डांबरावर हातोडा मारला तर काचेसारख्या कपच्या उडतात. पण तेच पिंप दोन-चार महिने तसंच पडू द्या, डांबर तोंडातून बाहेर येऊन जमिनीवर जिभेसारखं पसरलेलं असतं. घाईनं वागलं तर दगड, सवड दिली तर द्रव. प्रावरणातला तापलेला खडक असाच आहे, फक्त त्याची सवड लाखो वर्षांची असते. दुधावरच्या सायीची उपमा बरेच जण देतात आणि सुरकुत्या समजावायला ती छान आहे. पण सायीखाली दूध पातळ असतं, तिथंच ती फसवते.

लाव्हा तयार होतो तो मोजक्या ठिकाणी, जिथं दाब एकदम कमी होतो किंवा खडकात पाणी शिरून त्याचा वितळणबिंदू खाली येतो.

हे पहिल्यांदा सुचलं कोणाला?

नकाशा नीट पाहणाऱ्या कोणालाही सुचेल असंच ते आहे. ब्राझीलचा फुगवटा आफ्रिकेच्या खोबणीत बसतो हे लहान मुलांनाही दिसतं. नकाशाकार अब्राहम ऑर्टेलियसनं १५९६ मध्येच लिहून ठेवलं होतं की अमेरिका युरोप-आफ्रिकेपासून तुटून निघाली असावी.

पण सुचणं वेगळं आणि पुरावे मांडणं वेगळं. ते काम केलं आल्फ्रेड वेगेनर या जर्मन माणसानं, आणि तो भूवैज्ञानिक नव्हताच, हवामानशास्त्रज्ञ होता. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्टमध्ये त्यानं पहिलं व्याख्यान दिलं, १९१५ मध्ये पुस्तक काढलं. नुसत्या किनाऱ्यांच्या आकारावर तो थांबला नाही. मेसोसॉरस हा गोड्या-मचूळ पाण्यातला छोटा सरपटणारा प्राणी फक्त दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलच्या आसपास सापडतो. तो अटलांटिक पोहून गेला म्हणायचं का? फाटलेलं वर्तमानपत्र जुळवताना कडा जुळल्या एवढ्यानं भागत नाही, छापलेल्या ओळीही सलग वाचता आल्या पाहिजेत, असं त्याचं म्हणणं होतं. खडकांचे थर, जीवाश्म, हिमनद्यांच्या खुणा या त्या ओळी.

चुकला कुठे? ‘का’ या प्रश्नावर. खंड समुद्रतळ नांगरत जातात असं त्यानं धरलं आणि त्यामागे पृथ्वीच्या फिरण्याचं आणि भरती-ओहोटीचं बळ सांगितलं. ब्रिटिश गणिती हॅरॉल्ड जेफ्रीजनं हिशेब मांडून दाखवलं की ही बळं त्यापुढे अगदीच चिल्लर आहेत. हिशेब बरोबर होता. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतं असंही वेगेनरनं जुन्या मोजमापांवरून मांडलं होतं, तेही चूक. विरोधकांनी मग पाण्याबरोबर मूलही फेकून दिलं. ‘हवामानवाल्यानं यात नाक का खुपसावं’ हा सूर त्यांच्यात होताच. मला यात विरोधकांचा मूर्खपणा दिसत नाही. कारण न सांगता आलेल्या सिद्धान्ताबद्दल शंका घेणं हे त्यांचं कामच होतं. खटकतो तो हेटाळणीचा सूर.

वेगेनर वाद जिंकायला उरला नाही. १ नोव्हेंबर १९३० रोजी ग्रीनलंडच्या बर्फाच्या मध्यावरल्या तळावर त्यानं पन्नाशी गाठली, त्याच दिवशी रास्मुस विल्लुमसेन या ग्रीनलंडच्या सोबत्याबरोबर तो परत किनाऱ्याकडे निघाला, आणि वाटेतच वारला. विल्लुमसेन पुढे गेला, तो सापडलाच नाही.

मग लोकांना पटलं कधी?

समुद्राचा तळ दिसायला लागल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांवरून ध्वनिलहरी सोडून तळाची खोली मोजण्याचं काम जोरात सुरू झालं. न्यूयॉर्कमध्ये मारी थार्प ते आकडे कागदावर उतरवून नकाशे काढायची. बाई म्हणून तिला तेव्हा जहाजावर जाऊ देत नसत. अटलांटिकच्या मधोमध जाणाऱ्या डोंगररांगेच्या माथ्यावर एक सलग खोल घळ आहे, म्हणजे तिथं तळ फाटतो आहे, हे तिच्या लक्षात आलं. तिचा सहकारी ब्रूस हीझेन याला ते आधी बायकी बडबड वाटली. नंतर भूकंपांची ठिकाणं त्याच घळीवर नेमकी येऊन बसली तेव्हा त्याला मान्य करावं लागलं.

पुढचा पुरावा आपल्या दाराशीच सापडला. त्याच कार्ल्सबर्ग रांगेवर (होय, बिअरवालेच; त्यांच्या प्रतिष्ठानानं पैसा दिलेल्या मोहिमेवरून नाव पडलं) १९६२ मध्ये एका ब्रिटिश जहाजानं तळाचं चुंबकत्व मोजलं. रांगेच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक उलटसुलट चुंबकत्वाचे पट्टे होते. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये त्याचा अर्थ लावला: रांगेत नवा खडक तयार होतो, थिजताना त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा धरून ठेवतो आणि दोन्हीकडे सरकतो. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटतं, म्हणून पट्टे. चारपाच वर्षांत वारं फिरलं आणि १९६८ पर्यंत प्लेटांचा सिद्धान्त आजच्या रूपात उभा राहिला.

‘गोंडवन’ हे नाव आपल्याकडचं कसं?

कारण खडक आधी इथं अभ्यासले गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मेडलिकटनं १८७२ च्या सुमारास मध्य भारतातल्या कोळसा असलेल्या थरांना गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवाना’ म्हटलं. पुढे ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूसनं तेच नाव दक्षिणेकडच्या एकेकाळच्या महाखंडाला दिलं. तेव्हा आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि भारत मिळून झालेल्या त्या भूमीला जगभर विदर्भ-मध्य प्रदेशाच्या शेजारपाजारचं नाव आहे. नागपूरजवळच्या कामठीच्या नावानंही गोंडवानातला एक थर ओळखला जातो.

चंद्रपूर, बल्लारपूर, वणीचा कोळसा हा त्याच काळातला, सुमारे २५ ते २८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात जिभेच्या आकाराची पानं असलेल्या ग्लॉसोप्टेरिस या झाडाचे ठसे मिळतात. हीच पानं दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात मिळतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे सोबती उपाशी, गारठून मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर १६ किलोच्या आसपास दगड होते. तेही त्यांनी टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस होतं.

आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात भाजून निघालेल्यांसाठी खास: तिथल्या इरई इथं चुनखडीवर हिमनदीनं ओढून नेलेल्या दगडांचे ओरखडे आहेत. कोळशाच्याही आधी, हा प्रदेश दक्षिण ध्रुवाच्या बाजूला बर्फाखाली असतानाचे.

पण भारत दक्षिण गोलार्धात होता हे नेमकं मोजलं कसं?

होकायंत्राची सुई फक्त उत्तर दाखवते असं आपण मानतो. ती मोकळी टांगली तर खाली-वरही झुकते. चुंबकीय विषुववृत्तावर ती आडवी राहते, ध्रुवाकडे जाल तशी जास्त झुकते, आणि उत्तर व दक्षिण गोलार्धांत तिचं उलट टोक खाली जातं. म्हणजे सुईच्या झुकण्यावरून अक्षांश काढता येतो.

घाटातला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट या चुंबकी खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना ते कण असंख्य सुयांसारखे त्या ठिकाणचा झुकाव धरून बसतात. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या मंडळींनी दख्खनच्या कातळाचे नमुने तपासले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झालं. उत्तर आलं ते असं की हे खडक थिजले तेव्हा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खन सुमारे ३० अंश दक्षिणेला होतं. आज पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. फरक जवळपास ४८ अंश, म्हणजे ५,३०० किलोमीटर. ६.६ कोटी वर्षांनी भागा: वर्षाला सरासरी ८ सेंटीमीटर. हा भागाकार मुलांकडून करवून घ्यावा.

गंमत म्हणजे वेगेनरचं म्हणणं बाकीच्या जगात अजून हास्यास्पद ठरत असताना त्याच्या बाजूचा हा भक्कम साक्षीदार आपल्या घाटांत उभा होता.

प्रवासाचे टप्पे सांगा.

थोडक्यात सांगतो, आकडे ठोकताळ्याचे. सुमारे १६ ते १८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन फाटायला लागलं आणि आफ्रिका एकीकडे गेली. १३ कोटींच्या आसपास अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलिया सुटले. ८.८ कोटींच्या सुमारास मादागास्कर मागे राहिलं. कर्नाटकात मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवरचे उभे दगडी खांब त्या फाटाफुटीतल्या लाव्ह्याचे आहेत. सेशेल्सचा तुकडा सुटला तो ६.३ कोटींच्या आगेमागे, दख्खनचा लाव्हा नुकताच वाहून झालेला असताना. आणि साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी पुढची कड आशियाला भिडली.

मध्येच भारत इतका पळाला कशामुळे?

एका टप्प्यावर वेग वर्षाला १५ सेंटीमीटरच्या पुढे गेला होता, आणि प्लेटांच्या दुनियेत ही अक्षरशः धाव आहे. यावर अजून वाद आहे, आणि तो चांगला वाद आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या आणि जर्मन संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की गोंडवनाच्या इतर तुकड्यांखालचं शिलावरण, म्हणजे प्लेटेचा कडक खडक, १८० ते ३०० किलोमीटर जाड आहे, भारताचं मात्र शंभरच्या आसपास. खालून तासलं गेल्यामुळे आपला तुकडा हलका आणि उथळ मुळांचा झाला. दुसरे म्हणतात, दख्खनखाली खोलातून वर येणाऱ्या तप्त खडकाच्या झोतानं ढकललं. तिसरे म्हणतात, पुढे एकामागे एक अशा दोन ठिकाणी समुद्रतळ खाली ओढला जात होता, म्हणून दुप्पट ओढ.

एरवी प्लेटांना चालवणारं मुख्य बळ हेच, ओढ. जुना समुद्रतळ थंड आणि जड होतो, प्रावरणात बुडायला लागतो आणि मागची अख्खी प्लेट खेचून नेतो. ओल्या कापडाचं टोक बादलीबाहेर लोंबू लागलं की बाकीचं कापड आपोआप घसरत जातं, तसं.

देवघरातल्या शाळिग्रामाचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. गुळगुळीत काळा गोटा, एका बाजूला भोक, आत डोकावलं की दिव्याच्या उजेडात चक्राकार वळ्या दिसतात. तो अमोनाइट आहे. समुद्रात राहणारा, शिंपल्याच्या घरातला, माखलीचा दूरचा नातेवाईक. त्याचं शरीर चिखलात गाडलं गेलं, चिखलाचा दगड झाला, आणि तो दगड नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूला काली गंडकीच्या पात्रात सापडतो. हिमालयाच्या पलीकडच्या अंगाला, समुद्रापासून कितीतरी आत आणि वर.

भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. भारत पुढे सरकला तसा तो आटत नाही, मिटत गेला; त्याच्या तळावरचा गाळ चुरगळून वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरही समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे. तुळशीच्या लग्नात आपण ज्याला नवरदेव म्हणून उभा करतो तो त्या समुद्राचा रहिवासी. श्रद्धेला यानं काही बाधा येते असं मला वाटत नाही. उलट मी तेव्हापासून तो गोटा जास्त जपून पुसतो.

सह्याद्रीही अशाच टकरीतून वर आला का?

नाही. हिमालय वळ्या पडलेला डोंगर आहे, सह्याद्री झिजून उरलेली कड आहे. नीट बघितलं तर सह्याद्री हा डोंगर कमी आणि पायरी जास्त आहे. देशावरून कड्यापर्यंत येताना चढ फारसा जाणवत नाही, कड्यावर आलं की कोकण एकदम खाली. भारताची पश्चिम कड फाटून वेगळी झाली, ती काठावर उचलली गेली, आणि पावसानं तो कडा खात खात पूर्वेकडे मागे ढकलला. कोकणपट्टी ही त्या झिजेत उघडी पडलेली जमीन. परशुरामानं समुद्र मागे हटवला अशी कथा आहे. भूविज्ञानात समुद्र जागेवर राहतो आणि घाट मागे हटतो.

आडवे थर जसेच्या तसे आहेत यावरूनच टक्कर झाली नाही हे दिसतं. गोव्याकडे मात्र हा कातळ संपतो आणि खालचा फार जुना खडक वर येतो. काणकोणातल्या पाळोळे इथला तर ३०० कोटी वर्षांहून जुना आहे. किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्यांना बहुतेक त्याचा पत्ता नसतो.

मग दख्खनवरचा लाव्हा आला कुठून?

खोलातून वर येणाऱ्या त्याच तप्त झोतातून, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तो झोत साधारण एका जागी राहिला आणि प्लेट त्यावरून सरकत गेली. स्टोव्हवरून कागद सरकवावा तसं. त्यामुळे जळल्याच्या खुणा ओळीनं उमटल्या: आधी दख्खन, मग लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसखालची बुडालेली रांग, पुढे मॉरिशस, आणि आज रेयुनियन बेट. रेयुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ अजून वरचेवर पेटतो.

मॉरिशसमध्ये मराठी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या मजुरांचे हे वंशज आजही थाटात गणपती बसवतात. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा कोकणातला काळा कातळ मागे सोडून गेले आणि उतरले ते त्याच झोतानं घडवलेल्या दुसऱ्या काळ्या कातळावर. त्यांनी मळ्यांतून वेचून ढीग लावलेले दगड इकडच्या बांधावर आणून ठेवले तर शेतकऱ्याला परके वाटणार नाहीत.

आपल्याकडे या लाव्ह्यानं आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे. घाटाकडे त्याची जाडी दीड-दोन किलोमीटरवर जाते. विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी माती ही त्याचीच भुकटी.

महाराष्ट्रात पुन्हा ज्वालामुखी जागा होईल? लोणार? वज्रेश्वरीची गरम कुंडं?

झोत मागे राहिला, आपण पुढे आलो. नाही होणार. लोणार ज्वालामुखी नाहीच, ते उल्केच्या आघाताचं विवर आहे. वज्रेश्वरी, उन्हवरे इथलं गरम पाणी भेगांतून खोल जाऊन तापून परत येतं, त्यासाठी खाली लाव्हा लागत नाही. भारतात जागता ज्वालामुखी बघायचा तर अंदमानजवळचं बॅरन बेट, आणि तो आहे याचं कारण तिथं आपलीच प्लेट खाली बुडते आहे.

प्लेटेच्या कडेपासून इतके लांब असूनही कोयना आणि किल्लारी का झालं?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांच्या आवाजात कुतूहल नसतं, त्यामुळे नीट सांगतो.

प्लेट म्हणजे एकसंध फरशी नाही. तिच्यात जुन्या फाटाफुटींच्या, बुजलेल्या भेगा आहेत. उत्तरेला हिमालयात प्लेट अडते, त्याचा दाब मागेपर्यंत पोचतो. टेबलाचं एक टोक भिंतीला दाबून धरलं की करकर मधल्या सांध्यातून येते. दाब साठायला कडेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून असे भूकंप विरळ. विरळ म्हणून घरं तशी बांधलेली नसतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ क्षमतेचा धक्का बसला, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. त्याच्या काही वर्षं आधीच धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली होती. पाण्याचं वजन हे अर्धंच कारण. भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब दोन्ही बाजूंच्या खडकांची पकड सैल करतो. ताण आधीचाच होता, पाण्यानं कळ दाबली. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांत कोयनेचा हा धक्का जगात सर्वांत मोठ्यांपैकी गणला जातो, आणि तिथं अजूनही पावसाळ्यानंतर छोटे धक्के येत राहतात. अभ्यासासाठी कराडला प्रयोगशाळा उभी केली आहे आणि कोयनेच्या परिसरात ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं आहे. तिथल्या एका छिद्रात बेसॉल्ट ९३० मीटरच्या आसपास संपला आणि खालचा जुना ग्रॅनाइटी खडक लागला.

किल्लारीचा धक्का ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा, ६.२ क्षमतेचा. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा होता. जवळजवळ दहा हजार माणसं गेली, आणि त्यांना मारलं ते भूकंपानं कमी, माळवदानं जास्त. गोट्या दगडांच्या मातीत रचलेल्या रुंद भिंती, वर लाकडी सऱ्यांवर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात ही घरं थंड राहतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधली. धक्क्यात भिंतीचे दगड सुटे झाले आणि वरचा भार खाली आला. याच क्षमतेचे धक्के इतर देशांत कित्येकदा बातमीपुरते उरतात. माझ्या मते किल्लारीबद्दल बोलताना प्लेटांपेक्षा भिंतींबद्दल जास्त बोललं पाहिजे.

भूकंप आधी कळतो का?

दिवस-वेळ कळत नाही. व्हॉट्सॲपवर तारखेसकट येणारे निरोप पुढे पाठवू नका. कुठं येऊ शकतो आणि किती मोठा, एवढं सांगता येतं.

हिमालय अजून वाढतोय?

वाढतोही आणि झिजतोही. भारत पुढे सरकतो त्यातले वर्षाला सुमारे २ सेंटीमीटर हिमालय पोटात घेतो, बाकी तिबेट आणि त्याच्या पलीकडे. ते २ सेंटीमीटर रोजच्या रोज सरकत नाहीत, अडकून साठतात आणि मग एका मिनिटात काही मीटर सुटतात. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळातल्या भूकंपात तेच झालं.

जिवंत पुरावा काही आहे का? दगड पुरे झाले.

आहे, आणि तो वर्षातले बहुतेक दिवस जमिनीखाली असतो. २००३ मध्ये केरळच्या घाटात एका जांभळ्या, फुगीर, डुकरासारख्या नाकाडाच्या बेडकाला शास्त्रीय नाव मिळालं: नासिकाबट्राकस सह्याद्रेन्सिस. पहिल्या पावसात काही दिवस वर येतो, बाकी काळ बिळात वाळवी खातो. तमिळनाडूतला त्याचा एक सख्खा भाऊ सोडला, तर त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक भारतात कुठंच नाहीत. ते सेशेल्समध्ये आहेत, समुद्रापलीकडे. बेडकाला खारं पाणी सोसत नाही, त्यामुळे पोहत गेला असं म्हणायची सोय नाही.

नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या राजासॉरस या डायनासोरचा जवळचा भाऊबंद असाच मादागास्करमध्ये आहे.

घाटात गेलो तर मला स्वतःला काय बघता येईल?

सुईचा झुकाव प्रयोगशाळेतच मोजावा लागतो, तो नाद सोडा. पण खंडाळा, वरंध, माळशेज, कुठल्याही घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीसमोर थांबा. गाडी वळणावर लावू नका. काळ्या थरांच्या मध्ये कुठंकुठं विटेच्या रंगाचा पट्टा दिसेल, कुठं हातभर, कुठं पुरुषभर. नखानं खरवडला तर लाल भुकटी निघते. एक लाव्हा वाहून थंड झाला, त्याच्या वरच्या भागाची हवापाण्यानं माती झाली, मग पुढचा लाव्हा तिच्यावर आला आणि ती भाजली गेली. काळा थर तयार व्हायला फारच थोडा काळ लागला असेल, तो लाल पट्टा तयार व्हायला पुष्कळ. बहुतेक लोक फोटो काळ्या कड्याचा काढतात. वेळ लाल पट्ट्यात आहे. पट्टे खालून वर मोजत जा आणि बरोबरच्या मुलाला सांगा की दर पट्ट्यागणिक ही जागा थोडी उत्तरेला आली होती.